गिअरमध्ये ठेवलेली गाडी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

काल सायंकाळी साडेपाच वाजता आमच्या इमारतीच्या वाहनतळावर गाडी आपोआप पुढे सरकली व माझी पत्नी नसीमबानू ही गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडली. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. आज सकाळी शस्त्रक्रिया होऊन आत सळई घातली. दुपारी ती शुद्धीवर आली व तिने पाणी मागितले.

गाडीत कोणी नव्हते. एवढे सर्वांस ठाऊक आहे.

ती गाडी तशी मी उभी केली होती. हे कोणासही ठाऊक नाही.

रविवार, ५ जानेवारी

क्रमाने लिहितो. कारखान्याच्या साहेबांची गाडी अडतीस वर्षे चालविली व तितकीच वर्षे तिचे लॉगबुक भरले. क्रमाने लिहिण्याची सवय आहे.

गाडी माझ्या सूनबाईची, नाजिमाची. ती कर्वेनगरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविते; येथून, बिबवेवाडीहून, रोज जाते-येते. दिवाळीत तिने ही गाडी घेतली. हिला क्लच नाही. परवा शुक्रवारी पाच वाजता ती आली, गाडी लावली, वर गेली. थोड्याच वेळात जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी श्री. बद्रीनाथ लोणकर भेटले. म्हणाले, "दादामियाँ, आपल्या गाडीची शेपटी आमच्या पट्ट्यावर आली आहे. आम्ही काय, तिच्याभोवती रांगोळी काढू?" हे गृहस्थ असेच बोलतात. सूनबाई चहा घेत होती. वीतभर गाडी हलविण्याकरिता तिला कशाला उठवावे! दुसरी किल्ली माझ्याजवळ असते. मी खाली गेलो.

गाडी पुढे घेतली. भिंतीपासून दोन हातांवर थांबविली. बटण दाबून इंजिन बंद केले. गिअरचा दांडा 'डी'वरच राहू दिला — मुद्दाम राहू दिला. उतरलो व शेपटी पट्ट्याच्या आत आली की नाही हे पाहण्यास मागे गेलो. गाडी चिवचिवत होती. ही गाडी सदैव काहीतरी चिवचिवते — पट्टा बांधा, दार लावा! मी लक्ष दिले नाही. तेवढ्यात नसीमबानू भाजी घेऊन आली आणि जिन्याकडे जाण्यासाठी गाडीपुढून निघाली. तेथील फरशीस भिंतीकडे उतार आहे.

ओरडणे ऐकले. धावलो, आत बसलो, गाडी सुरू करून मागे घेतली, दांडा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, टाकला. तोवर माणसे जमली होती. गाडी मागे घेताना मला पाचसहा जणांनी पाहिले. पुढे घेताना कोणीच पाहिले नाही. वाहनतळातील कॅमेरा गणपतीपासून बंद आहे.

रविवार, ५ जानेवारी — पुन्हा

मुद्दाम का, हे लिहावयाचे राहिले.

१९६५ साली गाडी शिकविणाऱ्या उस्तादांनी मला पहिला धडा दिला तो हाच. उभी गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायचे. ब्रेक दगा देईल, गिअर देणार नाही. जुन्या गाडीत इंजिन बंद करून गिअर टाकला की चाके जागची हलत नाहीत. साहेबांची गाडी मी लोणावळ्याच्या चढावरही अशीच उभी करीत असे. हातब्रेक ओढण्याची मला कधी गरज भासली नाही.

'डी' म्हणजे पुढचा गिअर, असे मी धरून चाललो. सूनबाईने दिवाळीतच सांगितले होते — "अब्बा, या गाडीत इंजिन बंद झालं की डी म्हणजे काहीच नाही. चाकं मोकळी. अडवणारा दात फक्त पीमध्ये असतो." मी तेव्हा हसलो होतो. म्हणालो होतो, "मुली, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून गाडी चालवितो."

रुग्णालयाच्या पायऱ्यांवर माझा मुलगा तन्वीर याने मला विचारले, "अब्बा, नाजिमानं गाडी पीवर टाकली नव्हती का?"

मी म्हणालो, "नसेल."

तीन अक्षरे. याहून अधिक मी काहीही खोटे बोललेलो नाही. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा तन्वीरच बोलला. घरचाच अपघात, तक्रार नाही, म्हणून ते निघून गेले.

मला काही वाटत नाही. वाटावयास हवे, हे कळते. चहा प्यायलो तो गोड होता की नव्हता, सांगता येत नाही.

सोमवार, ६ जानेवारी

इमारतीतील मंडळी भेटावयास आली. मी धावून गाडी मागे घेतली नसती तर पाय कापावा लागला असता, असे त्यांचे म्हणणे पडले. श्री. लोणकर म्हणाले, "या वयात काय ही चपळाई! आमच्यातला कोणी असता तर आधी फोटो काढला असता, मग ग्रुपवर टाकला असता, मग गाडी मागे घेतली असती."

सव्वीस जानेवारीस झेंडावंदनानंतर माझा सत्कार करावयाचे ठरले आहे. शिवाय, सोसायटीत आता क्लच नसलेल्या सात गाड्या झाल्या आहेत; त्या सुरक्षित कशा चालवाव्यात यावर मी चार शब्द बोलावे! "अनुभवाचे बोल, दादामियाँ. पंधरा मिनिटं. त्यानंतर लोक उपम्याकडे बघायला लागतात."

मी होय म्हणालो. तोंड होय म्हणाले.

बुधवार, ८ जानेवारी

रात्रीच्या जेवणास तिघेच होतो. माझी नात मेहनाज रुग्णालयात आजीजवळ होती.

नाजिमा म्हणाली, "मी पीवर टाकली होती. मला नीट आठवतंय. नसती टाकली तर गाडी बोंबलली असती."

तन्वीर म्हणाला, "बोंबलली असेल. तुझ्या कानाला फोन होता. प्रिन्सिपलचा. तूच सांगितलंस."

"फोन होता. पण हात होता ना माझा!"

"मग गाडी काय जिन्न-भुतानं ढकलली?"

ती माझ्याकडे पाहू लागली. म्हणाली, "अब्बा, तुम्ही आत बसलात तेव्हा दांडा कशावर होता?"

मी म्हणालो, "डीवर." हे खरे आहे.

तन्वीरने हात पसरले. झाले, पुरावा मिळाला! मी भाकरी संपविली. पाण्याचा पेला जागेवर ठेवला.

शुक्रवार, १० जानेवारी

नसीमबानू घरी आली. पलंग खिडकीशी लावला. आम्ही कसबा पेठेतून येथे आलो तेव्हापासून ती येथील गच्ची, येथील पाणी, येथील शेजार, सर्वांस नावे ठेवते. आज म्हणाली, "छप्पन्न वर्षं पेठेतल्या गल्लीतून चालले, हातगाडीसुद्धा पायावर गेली नाही. इथं पार्किंग म्हणून मोठी जागा घेतली, तर ही गत!"

मग मला म्हणाली, "उभी हयात तुमच्या गाडीखाली आले नाही हो, सुनेच्या आले." आणि हसली. मग हसता हसता पाय दुखला.

नाजिमा तिचे पाय पुसत होती. नसीमबानूने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गाडी रिकामी होती, मी डोळ्यांनी पाहिलं. जाऊ दे पोरी. माणूस विसरतो. मी तुला माफ केलं."

नाजिमा पुसलेलाच पाय पुन्हा पुसू लागली.

शनिवार, ११ जानेवारी

तन्वीरने गाडीची किल्ली आपल्या कपाटात ठेविली. माझ्याकडील दुसरीही मागितली. दिली. सूनबाई आता स्वारगेटला बस बदलून जाते. पहाटे साडेपाचला उठते.

मेहनाजला शिकाऊ परवाना मिळाला आहे. तिला गाडी आईच शिकविणार, असे ठरले होते. तन्वीर म्हणाला, "तू नको. बाहेर क्लास लावू." मेहनाज म्हणाली, "पप्पा, दॅट्स सो अनफेअर." आई म्हणाली, "बरोबर बोलताहेत ते."

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. श्री. लोणकरांनी तिळगूळ दिला. "गोड बोला, दादामियाँ. न जमलं तर निदान थोडं बोला."

गुरुवार, १६ जानेवारी

भाषणासाठी मजकूर हवा. मला गाडी ठाऊक आहे. ही गाडी ठाऊक नाही. सायंकाळी सूनबाईस विचारले. चौथी शिकलेल्या माणसाने प्राध्यापिकेस विचारण्यात कमीपणा नाही, असे मी स्वतःस समजाविले. दिवाळीत समजाविले असते तर बरे झाले असते.

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. शिकविताना तिचा आवाज निराळा होतो. बऱ्याच दिवसांनी ऐकला.

"पहिलं म्हणजे डावा पाय घरी ठेवून यायचं. जन्मभर क्लच दाबलेला पाय असतो, घाईत तो आपोआप खाली जातो आणि ब्रेकवर पडतो. मागचा येऊन आदळतो. म्हणून डावा पाय पार मागे, टाच सीटला. ब्रेक आणि रेस, दोन्ही उजव्यानं. दुसरं, सिग्नलला ब्रेक सोडला की ही चालायला लागते. रेस दिली नाही तरी. ती उभी नसते अब्बा, फक्त धरून ठेवलेली असते. त्यामुळे डीवर असताना मागं वळून पोराला बिस्कीट द्यायचं नाही, खाली पडलेला फोन उचलायचा नाही. मागं-पुढं करताना गाडी पुरती थांबल्याशिवाय आरवरून डीवर जायचं नाही. कात्रजचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला एनवर, न्यूट्रलला, टाकायची नाही. उतरते ती, पण कोणाच्याच हातात नसते."

येथे मी विचारले, "आणि उभी करताना?"

ती मग एकेक शब्द सुटा बोलली. "पाय ब्रेकवर. हातब्रेक ओढायचा. मग पी. मग इंजिन बंद. मग दांड्याशेजारच्या अक्षरांकडे एकदा बघायचं, पी दिसतोय का. दिसला की मगच पाय उचलायचा. उतारावर हातब्रेक आधी आणि पी नंतर, म्हणजे सगळा भार त्या एका दातावर येत नाही."

मी लिहून घेतले. मान वर केली तेव्हा ती स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती.

म्हणाली, "रोज असंच करते मी. म्हणजे, करत होते. त्या दिवशीचं आता आठवायला जाते तर हात दिसतो, दांडा दिसतो, पण तो त्याच दिवशीचा आहे की आदल्या दिवशीचा, कळत नाही." मग म्हणाली, "नसेल टाकली, अब्बा."

माझाच शब्द. तिच्या तोंडून.

मी पेनाचे टोपण लावले.

रविवार, १९ जानेवारी

पाहिलेले लिहितो. नाजिमा गॅसची कळ तीनदा पाहते. कुलूप लावून जिना उतरते व पुन्हा वर येते. काल नळ बंद आहे ना, हे पाहण्यास बसथांब्यावरून परत आली. बस गेली.

आज दुपारी तन्वीरला सांगत होती, ते मी बाहेरच्या खोलीत ऐकले. प्रयोगशाळेत मुलांना आम्लाची बाटली देताना तिचा हात थांबतो. लेबल वाचते, पुन्हा वाचते, तरी विश्वास बसत नाही. "एखाद्या पोराच्या डोळ्यात गेलं तर? मी वर्षाची रजा मागते. बिनपगारी." तन्वीर म्हणाला, "घे. आराम कर." त्याचा स्वर प्रेमाचा होता. अर्ज सोमवारी, सत्तावीस तारखेस, द्यावयाचा आहे.

अठरा वर्षे ती शिकवीत आहे.

माझ्या छातीत काही व्हावे, म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. काही झाले नाही. डावा पाय बधिर झाला होता, तेवढा झटकला.

मंगळवार, २१ जानेवारी

नसीमबानूस म्हणालो, "ऐकतेस का? एक सांगावयाचे आहे."

ती म्हणाली, "आधी उशी सरकवा. पायाखाली."

उशी सरकविली. "आता बोला."

"काही नाही. डॉक्टरांनी गुरुवारी बोलाविले आहे."

"ते मला माहीत आहे. मलाच बोलावलंय."

गुरुवार, २३ जानेवारी

भाषण शुद्ध लिहून काढले. दोन पाने. एकही काट नाही.

शनिवार, २५ जानेवारी

का बोलत नाही, हे एकदा कागदावर यावे.

माझ्याजवळ पदवी नाही. जमीन नाही. वडिलांचे दुकान नव्हते. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या सहीचे पत्र दिले — अडतीस वर्षांत एकही अपघात नाही. ते चौकटीत लावले आहे. तन्वीरच्या लग्नात पाहुण्यांनी ते वाचले. नाजिमाच्या वडिलांनीही वाचले. ते साताऱ्याचे हेडमास्तर. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या घरी त्यांनी मुलगी दिली. त्या पत्राकडे पाहून दिली, असे मी मानतो.

ते पत्र राखण्यासाठी त्याच मुलीची बुद्धी मी तिच्यापासून काढून घेतली आहे. सत्य हे आहे. वाचून पाहिले. अक्षर चांगले आले आहे.

अर्ज तिने लिहून ठेवला आहे. जेवणाच्या टेबलावर, पेपरवेटखाली.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन आठ वाजता. खुर्च्या वाहनतळावरच मांडल्या होत्या. नसीमबानूस चाकाच्या खुर्चीतून खाली आणले. ज्या भिंतीशी ती सापडली, त्याच भिंतीवर कागदी पताका होत्या. शाल, श्रीफळ. श्री. लोणकरांनी माझा परिचय करून दिला. "यांनी गाडी चालवली तेव्हा पुण्यात रस्ते होते."

मी भाषण वाचले. डावा पाय, सिग्नल, घाट, हातब्रेक. शेवटी सांगितले की हे सर्व नियम माझ्या सूनबाई सौ. नाजिमा यांचे आहेत. टाळ्या पडल्या. मग कागद घडी करून खिशात ठेवला व पुढील वाक्ये बोललो. ती लिहिली नव्हती, तरी मला आठवतात.

"तीन तारखेस सूनबाई गाडी लावून गेल्यावर मी ती पुढे घेतली. इंजिन बंद करून डीवर ठेविली व उतरलो. जुन्या सवयीने, गिअरमध्ये राहावी म्हणून. हातब्रेक ओढला नाही. माझ्या पत्नीचा पाय माझ्या हातून मोडला. सूनबाईंचा दोष नाही. तो त्यांच्यावर जाऊ दिला, हा माझा दुसरा दोष."

आणि मग — टाळ्या! पहिल्यापेक्षा मोठ्या! कोणी उभे राहिले. श्री. लोणकरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना असे करताना मी प्रथमच पाहिले. ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "मंडळी, सुनेची बाजू राखायला सासऱ्यानं अपघात अंगावर घेतला! आमच्या घरी सासरे विजेचं बिलसुद्धा अंगावर घेत नाहीत."

मी म्हणालो, "लोणकर, आपणच मला शेपटीविषयी सांगितले होते."

ते म्हणाले, "अहो, ते मी तुम्हाला रोजच सांगतो!"

तन्वीरने मला मिठी मारली. "बस करा अब्बा. तिला कोणी काही म्हणत नाही आता. तुम्ही कशाला नाव खराब करून घेता?" नसीमबानूकडे गेलो. तिला तरी पटावे! ती म्हणाली, "तुम्ही? आणि गाडी अशी सोडून उतराल? मी काय तुम्हाला आज ओळखते?" तिच्या डोळ्यांत पाणी होते. अभिमानाचे.

अडतीस वर्षांच्या चांगल्या नावाने मला सर्वांदेखत खोटे पाडले.

नाजिमाने टाळ्या वाजविल्या नाहीत. उपमाही घेतला नाही. वाहनतळाच्या टोकास गाडी खोळ घालून उभी आहे, तिकडे पाहत राहिली व वर निघून गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. अर्ज टेबलावरच आहे.

सोमवार, २७ जानेवारी

सकाळी सहा वाजता नाजिमा माझ्या खोलीत आली. पर्स खांद्याला, अर्ज हातात. बसली नाही.

म्हणाली, "गाडी लावली की मी दोन्ही बाजूंचे आरसे हातानं मिटते. त्या संध्याकाळी खाली आले तेव्हा दोन्ही उघडे होते. मला वाटलं, तेही विसरले. लाजेनं कोणाला बोलले नाही."

मी म्हणालो, "उजवा आधी उघडला. मग पुढून फिरून जाऊन डावा. आरसे उघडल्याशिवाय मी गाडी हलवीत नाही."

तिने हातातील अर्जाकडे पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे मी पीवर टाकली होती."

"होय. टाकली होती."